लाल रेघेपर्यंत

१

सकाळी साडेसहाला मी पाण्याची बाटली भरतो. माझी बायको लंका जाऊन सहा महिने झाले तरी भरतो. बाटलीवर नेलपॉलिशची लाल रेघ आहे. आमच्या सूनबाईने, संध्याने, ओढून दिलेली. रेघेपर्यंत सातशे मिली. डॉक्टरांनी लंकाला दिवसभरात तेवढंच पाणी लिहून दिलं होतं. चहा, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. दोन वर्षं चार महिने मी ती बाटली भरली. रेघेच्या वर एक थेंब गेला नाही.

आता त्या बाटलीतून पाखरांची वाटी भरतो.

पाखरं लंकाची. चार लव्हबर्ड. तिचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आमच्या मुलाने, नवनाथने आणून दिली. आठवड्यातून दोन दिवस दवाखाना आणि बाकीचे दिवस बाहेरच्या खोलीतली खाट. तिचा वेळ जावा म्हणून पिंजरा खाटेजवळच्या खिडकीत टांगला. तिने त्यांना नद्यांची नावं ठेवली. निळी गोदा, पिवळी दारणा, पांढरी गिरणा आणि हिरवी कादवा. कादवा तिच्या माहेरची, निफाडकडची. मी म्हणालो, पाखरांना नद्यांची नावं कोण ठेवतं. तर म्हणाली, तुम्ही जन्मभर नळ सांभाळले, मला नद्या सांभाळू द्या.

जायच्या आठवडाभर आधी तिने माझ्याकडून शब्द घेतला. "माझी पाखरं मरू देऊ नका." मी सहसा शब्द देत नाही. दिला तर पाळतो. तो दिला.

चार पाखरांना दिवसाला अर्धी वाटी पाणी पुरायचं. त्यातही संध्याकाळी थोडं उरायचं, ते मी तुळशीला घालायचो. राळा, धण्याची कोवळी पानं, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा. लंका करायची तसंच सगळं करत होतो.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता वाटी रिकामी दिसली. नुसती रिकामी नाही. पुसून ठेवल्यासारखी कोरडी.

वैशाखाचं ऊन आहे, पितात जास्त, असं म्हणून मी पुन्हा भरली. एक वाजता ती पुन्हा कोरडी होती.

२

मी चौथीपर्यंत शिकलो. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून लागलो आणि छत्तीस वर्षं पंचवटीतल्या गल्ल्यांना पाणी सोडलं. खांद्यावर लोखंडी चावी, माझ्या छातीइतकी उंच. सायकलवर बांधली की मागून येणारा चार हात लांब राहायचा. पहाटे पहिला व्हॉल्व्ह उघडायचा, पाऊण तासाने बंद, मग पुढची गल्ली. कोणाच्या घरी लग्न असो, कोणी नगरसेवकाचा मेव्हणा असो, पाऊण तास म्हणजे पाऊण तास. लोक माझ्यावरून घड्याळ लावायचे.

त्या कामात कान महत्त्वाचा. चावीचं खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं आणि वरच्या टोकाला कान लावायचा. जमिनीखाली पाणी जोरात चाललंय, कुठे गळतंय, की नुसती हवा फिरतेय, ते आवाजावरून कळायचं. साहेब लोक नकाशे उघडायचे तोवर मी फरशीवर खडूने फुली मारून मोकळा व्हायचो. तिथेच खणलं की गळती सापडायची.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात नळ नव्हता. लंका गल्लीच्या नळावर हंडा घेऊन रांगेत उभी राहायची. एकदा तिचा नंबर आला आणि हंडा अर्धा भरला असताना माझी वेळ झाली. मी व्हॉल्व्ह बंद केला. नळाची धार बारीक होत होत थांबली. सगळ्या बायका आधी गप्प झाल्या आणि मग हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं, घरच्याच मालकाने चावी फिरवली की गं तुझ्यावर."

अर्धा हंडा कमरेवर घेऊन लंका घरी आली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना एवढंच म्हणाली, "तुमच्या हातून कोणाचा हंडा गळ्यापर्यंत भरायचा नाही." पुढे ती गोष्ट तीच सगळ्यांना हसून सांगायची. आमच्याकडे पाणी मोजून मिळतं बरं का, म्हणायची. मला त्याचा राग यायचा नाही. मला त्याचा अभिमान होता.

डायलिसिससाठी तिच्या डाव्या हाताची शीर आतून जोडून मोठी केली होती. कोपराच्या आत लिंबाएवढा फुगवटा. नर्सबाईने सांगितलं, रोज हात लावून बघा, घरघर लागली पाहिजे, थांबली तर लगेच घेऊन या. मी हात लावत नव्हतो. कान लावायचो. पहिल्या दिवशी कान लावला आणि दचकलोच. तिच्या हातात मोठ्या लाइनीचा आवाज होता. भरल्या पाइपाचा, न थांबणारा.

मग ते रोजचंच झालं. चहाच्या आधी ती हात पुढे करायची.

"काय म्हणतंय पाणी?"

"चालू आहे."

"प्रेशर?"

"बरं आहे."

"मग बंद करू नका. वेळ झाली तरी."

असं म्हणायची आणि हसायची.

३

आमच्याकडे आखितीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. कोरी मातीची घागर आणायची, पाण्याने गळ्यापर्यंत भरायची, तोंडावर लहान मडकं, त्याच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणाचा आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. गेलेल्यांना उन्हाळ्यात तहान लागते म्हणून ही घागर. मी असल्या गोष्टींच्या फार मागे नसतो, पण जे करायचं ते रीतीने करायचं.

या वर्षी लंकाच्या नावाची पहिली घागर. संध्याने आणली, धुतली, पाटावर ठेवली. नवनाथला ओझरच्या कारखान्यातून सुट्टी होती. लंकाचा भाऊ रावजी आणि त्याची बायको निफाडहून आले होते. शेजारचेही दोघेतिघे होते. पाणी घरच्या मोठ्या माणसाने घालायचं. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावरची बाटली भरून आणली. घागरीत ओतली.

आणि थांबलो.

हात सवयीने थांबला. दोन वर्षं चार महिने त्या हाताला एकच माप माहीत होतं. बाटली रिकामी झाली की लंकाचं त्या दिवसाचं पाणी संपलं. मी बाटलीचं झाकण लावलं आणि पाटासमोरून उठलोसुद्धा.

संध्या हळूच म्हणाली, "आण्णा, घागर भरायचीय. तळ तरी झाकलाय का बघा."

तेव्हा लक्षात आलं. पण तोवर सगळे बघत होते. रावजीच्या बायकोने रावजीकडे पाहिलं. चारचौघांत सुनेने चूक दाखवली, हे मला सोसलं नाही.

"बास आहे तेवढं," मी म्हणालो. "तिला मनाई होती."

लहान मडकं वर ठेवलं, डांगर ठेवलं. नवनाथने नैवेद्य दाखवला. जेवणं झाली. जाताना रावजी चपला घालत उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "दाजी, बहीण माझी लय तहानेली गेली. आता तरी सोडायचं होतं." मी त्याला नीट जा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याने घागर उचलली तर ती हलकी होती. आत थेंब नव्हता. कोरी माती पाणी पिते, असं मीच तिला सांगितलं.

४

पाखरं पाणी पीतच राहिली. मी मोजायला घेतलं. मोजणं मला येतं.

बुधवारी दोनशे मिली. शुक्रवारी साडेतीनशे. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी रेघेपर्यंत भरलेली बाटली संध्याकाळी सहाला संपली. सातशे. मंगळवारी सातशे. बुधवारी सातशे. त्याच्या वर गेलं नाही. संध्याकाळी सहानंतर ती वाटीकडे फिरकत नसत.

दारणा आधी आजारी पडली. पिसं फुगवून दांडीवर बसायची, शेपटी श्वासाबरोबर वरखाली व्हायची. छातीचं हाड सुरीसारखं वर आलं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून मी तिला कॉलेज रोडला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, पण हात चांगला होता. पाखरू दाबलं नाही, मुठीत सैल धरलं.

त्यांनी बरंच विचारलं. खाणं बदललं का, खारट काही दिलं का, पिंजऱ्याला नवा रंग लावला का. म्हणाल्या, पक्षी जास्त पाणी प्यायला लागला की किडनी, साखर, पोटातले जंतू, काहीही असू शकतं. किडनी हा शब्द ऐकून मी खिडकीबाहेर बघितलं.

"खालचा कागद फार ओला होत असेल ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. कोरडा असतो."

"असं कसं होईल, आजोबा? पितात ते बाहेर पडणारच."

मी घडी घालून आणलेला कागद पुढे केला. त्यावर चार दोन खडूसारखे ठिपके होते. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग मी सातशेचा आकडा सांगितला. त्या हसल्या, वाईट हसल्या नाहीत.

"आजोबा, एका पक्ष्याला दिवसाला चमचाभर पाणी लागतं. चौघांचे चार चमचे. सातशे प्यायले तर फुटतील ते. तुमची वाटी गळत असणार."

मी छत्तीस वर्षं गळती शोधली, हे त्यांना सांगितलं नाही. औषधाचे थेंब घेतले. निघताना त्या दारापर्यंत आल्या. "आणि एक लक्षात ठेवा, पाणी तोडू नका. तहान हा आजार नाही, आजाराची खूण असते. पाणी तोडलं तर दोन दिवसांत जातील."

घरी येऊन वाटी तपासली. तीच वाटी, तेवढंच पाणी, पिंजऱ्याबाहेर खिडकीत दिवसभर ठेवली. उन्हाने बोटभर कमी झाली, बाकी तशीच. मग पिंजऱ्यात ठेवून वर जाळी बांधली, पाखरांची चोच पोहोचणार नाही अशी. पाणी हललं नाही. जाळी काढली. चौघी खाली उतरल्या, रांगेने बसल्या आणि प्यायला लागल्या. चोच बुडवायची, मान वर करायची, गिळायचं. पुन्हा बुडवायची. मी खुर्ची ओढून समोर बसलो. पाऊण तास बसलो. वाटी संपली. चारही पाखरं मिळून माझ्या मुठीत मावतील.

खालचा कागद कोरडा होता.

दारणा गुरुवारी दुपारी गेली. अडीच वाजले होते. उचलली तर कागदाच्या पिशवीएवढं वजन. इतकं पाणी प्यायलेलं पाखरू, आणि आत ओल म्हणून नव्हती.

शुक्रवारी तिघी राहिल्या. शुक्रवारीही बाटली संपली. सातशे.

५

यानंतर मी जे केलं ते लिहितो. कोणी माझ्याऐवजी सांगावं, त्यापेक्षा मीच सांगतो.

मी पाणी तोडलं.

डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं. पण मला वाटलं, पोरीने चार पुस्तकं वाचली आहेत, शिस्त तिला काय ठाऊक. सवय लागते आणि सवय मोडावी लागते. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे. बाकी वेळ वाटी बाहेर. संध्याला ते आवडलं नाही. कामावर जायला दहाला निघते, पदराला पिन लावता लावता म्हणाली, "आण्णा, आईंच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आपण पाणी मोजलं. आता तर डॉक्टर मोजू नका म्हणतात."

मी म्हणालो, तू तुझं दुकान बघ.

दुपारी घर रिकामं असतं. नवनाथची पाळी, संध्या कापडाच्या दुकानात. जेवून मी जमिनीवर चटई टाकतो. खाटेवर झोपत नाही. लंकाची गादी अजून तशीच आहे, मधे खोलगट. पूर्वी दुपारी पाखरांची किलबिल असायची. त्या दुपारी नव्हती. तिघी पिंजऱ्याच्या एका कडेला, खाटेच्या बाजूला, चिकटून बसल्या होत्या. तोंडं खाटेकडे. चोची उघड्या. आवाज येत नव्हता.

आणि तरी खोलीत आवाज होता. मी पंखा बंद केला. शेजाऱ्यांची मोटर म्हणावी तर ती अकरालाच बंद होते. घरघर बारीक होती, सलग होती. मी तो आवाज लगेच ओळखला, पण ओळखला असं मनाला म्हणू दिलं नाही.

गिरणाला थेंब पाजायला हातात घेतली तेव्हा आवाज कुठून येतो ते कळलं. पाखराचं काळीज जोरात धडधडतं, ते मला माहीत आहे. ही धडधड नव्हती. तळव्याला लागत होती ती घरघर होती. मोठ्या लाइनीची. भरल्या पाइपाची.

मी तिला कानाशी नेलं. दोन वर्षं रोज सकाळी ऐकलेला आवाज माणूस विसरत नाही.

मग तो थांबला. बारीक होत होत थांबला, चावी फिरवल्यावर थांबतो तसा. गिरणाने डोळ्यावर पडदा ओढला आणि मान माझ्या बोटावर टाकली. घड्याळात अडीच.

त्या संध्याकाळी मी वाटी काठोकाठ भरून ठेवली. पण मी शब्द दिलेल्या चारांतल्या दोन संपल्या होत्या. त्यातली एक माझ्या हाताने.

६

पुंजाराम महिन्यातून एकदा येतो. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. तो सिडकोच्या बाजूला पाणी सोडायचा आणि वेळा पाळायचा नाही, म्हणून तिथले लोक त्याला फराळाला बोलवायचे आणि मला कोणी बोलवायचं नाही. ते तो अजून ऐकवतो.

आला, पाणी मागितलं, तांब्याभर प्यायला. पिंजऱ्याकडे बघून म्हणाला, "सावळ्या, दोन कुठं गेल्या? यांचं पाणीबी कापलं का रे?"

चेष्टा होती. मी हसलो नाही. मी त्याला बाकी काही सांगितलं नाही. फक्त गोदाला बाहेर काढलं, त्याच्या हातात दिलं आणि कान लाव म्हणालो.

"पाखराला?"

"लाव."

त्याने कान लावला. डोळे मिटले. आम्ही दोघं चावीला कान लावताना डोळे मिटायचो. बराच वेळ तसाच राहिला. मग पाखरू सांभाळून माझ्याकडे परत दिलं आणि हात धोतराला पुसला.

"पाणी चाललंय," तो म्हणाला.

"कुठं?"

"ते मी कसं सांगू. पण लाइन भरलेली नाय. तळाशी चाललंय. पुढं कुणीतरी तोंड उघडं ठेवून बसलंय आणि वरून येतंय कमी." मग म्हणाला, "असा आवाज आला की आपण काय करायचो, तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा आणि लाइन भरेपर्यंत बंद करायचा नाही. वेळ झाली तरी.

चहा न घेता तो गेला. सायकलीला हात घालताना वहिनी बरी होती रे बाबा, एवढंच म्हणाला.

गोदा दुसऱ्या दिवशी गेली. वाटी भरलेली होती, खाणं होतं, थेंब दिले होते. तरी अडीचला गेली. एकटी कादवा राहिली. तिची पिसं मानेवरून गळू लागली होती. आणि एकटीनेच सातशे संपवले.

७

लंकाच्या शेवटच्या दुपारबद्दल मी कोणाला सांगितलेलं नाही. नवनाथलाही नाही.

त्या दिवशी तिने सकाळीच पाणी जास्त घेतलं. बारा वाजता बाटली संपली. मी तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. अडीचच्या सुमाराला तिने ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "अहो, घोटभर द्या."

"संपलं आजचं. उद्या."

तिने पुन्हा मागितलं नाही. तीही मानीच होती. जरा वेळाने म्हणाली, "मग त्यांची वाटी तरी भरा. आणि पिंजरा जरा इकडे ओढा, मला दिसू द्या."

वाटी भरली आणि पिंजरा खाटेला लावून ठेवला. चौघी प्यायल्या. चोच बुडवायची, मान वर करायची. आणि दर वेळी पाखराने गिळलं की लंकाचा घसा हलायचा. ती एकटक बघत होती आणि गिळत होती. तोंडात काही नसताना.

मला ते बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तोवर हाताची घरघर थांबली होती.

आता कादवाच्या दिवसाबद्दल, म्हणजे आजच्या. आज शनिवार. जेवण मी केलंच नाही. दोन वाजता पिंजऱ्यासमोर बसलो. कादवा वाटीच्या काठावर होती, पीत होती, मान वर करायचीही ताकद नव्हती तरी पीत होती. पिंजऱ्यात रुपयाएवढा गोल आरसा टांगलेला आहे. पाखरांना सोबत वाटावी म्हणून लंकानेच लावलेला. मी कादवाकडे बघत होतो. आरसा तिच्या मागे होता. त्यात माझा खांदा दिसत होता आणि खांद्यामागे खाट.

खाटेच्या कडेवर कोपर टेकलेलं होतं. डावं. आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा. हात वर वळलेला, बोटं एकमेकांना चिकटवून पसा केलेला. नळाखाली हंडा नसला की बायका करतात तसा. त्याच्या वर काय होतं ते आरशात मावत नव्हतं. पसा वर गेला. कादवाने चोच बुडवली, गिळलं. मागे कोणीतरी गिळलं. ते मी ऐकलं.

पसा खाली आला. कोरडा होता.

मी मागे वळलो नाही. भ्यालो म्हणून नाही. लंकाला पाणी पिताना कोणी बघितलेलं आवडायचं नाही. नळावरसुद्धा पाठ करून प्यायची.

अडीचला वीस मिनिटं होती. मी पुढे बघतच उठलो आणि भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात गेलो. आखितीची घागर मोरीजवळ पालथी होती. ती उचलली, बाहेरच्या खोलीत आणली, पाट मांडला आणि खाटेशी ठेवली. नजर जमिनीवर. बाटली भरून आणली, ओतली. पुन्हा भरून आणली. तिसरी. सातवी. ती घागर बारा बाटल्यांची, कुंभाराचा हात मला कळतो. मी वीस ओतल्या. आत हात घातला तर पाणी तळाशी होतं. बाहेरून घागर कोरडी, पाट कोरडा, फरशी कोरडी.

गुडघे राहिले तेव्हा मी बाटली ठेवून दिली. मोरीतल्या नळाला बाग शिंपायची नळी लावली, दुसरं टोक घागरीत सोडलं, आणि नळ उघडला. पूर्ण उघडला. आयुष्यात मी कुठलाही नळ पूर्ण उघडलेला नव्हता.

मग घागरीला कान लावला आणि डोळे मिटले. पाणी चाललं होतं. आधी तळाशी, हवा घेत. मग आवाज भरत गेला.

घड्याळात अडीच वाजले. तीन वाजले. मी उठून पिंजरा बघितला. कादवा दांडीवर होती. एक पाय पोटाशी घेऊन, मान पाठीत खुपसून झोपली होती. वाटी अर्धी भरलेली होती आणि पाणी हलत नव्हतं. मी बोटाने तिची छाती चाचपली. पाखराची धडधड. बाकी काही नाही.

संध्या सहाला आली. चपला काढता काढताच म्हणाली, "आण्णा, नळ चालू राहिलाय."

"राहू दे."

ती आत आली. नळी बघितली, घागर बघितली. पदर खोचून खाली वाकली आणि पाटाखालच्या फरशीवरून हात फिरवला. हात बघितला. मग खाटेकडे बघितलं, आणि लगेच नजर खाली घेतली. माझ्यासारखीच.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"अडीचपासून."

तेवढ्यात नळी फुरफुरली. गच्चीवरची टाकी संपली होती. दोन हजार लिटरची टाकी. घागर गळ्याच्या दोन बोटं खाली होती.

संध्या उठली. जिन्याखाली गेली आणि मोटर चालू केली.

आता रात्रीचे आठ वाजून गेले असतील. नवनाथ जेवून आत गेला आहे, त्याने काही विचारलं नाही. कादवाने थोडा राळा खाल्ला. मी खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसलो आहे, घागरीला कान लावून. लाइन भरत आली आहे, आवाज जाड झाला आहे. पाणी कधी बंद करायचं ते छत्तीस वर्षं मी ठरवलं. आज माझ्याकडे घड्याळ नाही, ते काढून ओट्यावर ठेवलं आहे.

ती बास म्हणाली की बंद करीन.